च्यामुळे सड वाढते

आमच्या शाळेचे ग्रंथपाल निवृत्त झाले, त्यांची जागा भरण्याची फाइल कुठल्याशा टेबलावर विसावली आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. कारण मी मराठी शिकवतो, आणि मराठी शिकवणाऱ्याला तसं दुसरं काम नसतं हे शाळेत गणिताच्या सरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना मान्य आहे. किल्ल्यांबरोबर कपाटांमागचे उंदीर, कपाटांवरची धूळ आणि नववीच्या मुलांचे प्रकल्प तपासण्याची जबाबदारी अशी स्थावर-जंगम मालमत्ताही ताब्यात आली. उंदीर यथावकाश गेले. प्रकल्प राहिले.

शाळा नाशिक जिल्ह्यातल्या भर कांद्याच्या पट्ट्यात. लासलगावची बाजार समिती, आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून जिचं नाव घेतात ती, इथून फार लांब नाही. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगेमागे माझी स्कूटर अडकते आणि मी शाळेत उशिरा पोचतो, एवढाच माझा कृषी अर्थव्यवस्थेशी संबंध. मी वाढलो डोंबिवलीत. पांढरा कांदा कच्चा असतो आणि पिकला की लाल होतो अशी माझी समजूत नोकरीला लागल्यानंतरही बरीच वर्षं टिकून होती. टोमॅटोचं तसं असतं, मग कांद्याचं का नसावं? तर अशा माणसाने मुलांना विषय दिला, ‘आपल्या परिसरातील पीक : कांदा’.

वह्या आल्या. पहिली वाचली, छान वाटली. दुसरी वाचली, ओळखीची वाटली. चौथ्या वहीपासून मी डोळे मिटूनही पुढचं वाक्य म्हणू शकत होतो. सगळ्यांनी मोबाइलवर ‘कांदा माहिती मराठी’ एवढंच टाकलं होतं आणि वर जे आलं ते इमानेइतबारे उतरवलं होतं: कांदा औषधी आहे, कांद्याचा रस केसांना लावावा, स्वप्नात कांदा दिसला तर अमुक होतं, भज्यांसाठी कांदा उभा चिरावा. एका मुलीने सुवाच्य अक्षरात, समास सोडून, शेवटी लाल शाईने अधोरेखित करून लिहिलं होतं, ‘माहिती आवडली तर लाइक करा आणि बेल आयकॉन दाबायला विसरू नका.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी त्या ओळीपुढेही बरोबरची खूण केली होती.

मुलांना रागवायचं तर आधी आपल्याला नीट शोधता यायला हवं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी स्वतः फोन घेऊन बसलो. नको असलेला शब्द वगळायचा असेल तर त्याच्या आधी वजाचं चिन्ह द्यायचं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ‘कांदा - भजी’ असं टाकलं. भज्यांचा नुसता पूर आला. मग ‘कांदा - भजी - केस - तेल - स्वप्न’ असं वाढवत गेलो, तर कांद्याच्या तेलात भजी तळल्याचं स्वप्न पडावं अशी यादी समोर आली. झालं असं होतं, की वजाचं चिन्ह शब्दाला अगदी चिकटून द्यायचं असतं, मध्ये जागा सोडली की ते चिन्ह काम करत नाही. आणि मी पडलो व्याकरणाचा माणूस, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना टापटिपीने जागा सोडत होतो. एवढ्यात केसांच्या तेलाच्या एका मजकुराखाली ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो दिसले. त्यातला ‘आधी’ हुबेहूब माझ्यासारखा होता. पुढच्या आठवड्यात मी ते तेल लावून स्टाफरूममध्ये शिरलो की बायका खिडक्या उघडायच्या आणि घरी माझी उशी गॅलरीत वाळत पडलेली असायची. केसांबद्दल विचारू नका.

तरी मी ग्रंथालयाचा माणूस, मोबाइल सोडून पुस्तकांकडे वळलो. आमच्या कपाटात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत; वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं हे काम, पहिला खंड १९७६ सालचा. अकारविल्हे लावलेल्या कोशात शोधणं सोपं, असं आम्ही मुलांना सांगतो. पण कांद्याच्या वाटेवर आधी कांगारू लागतो, मग कांट लागतो. कांगारूपाशी मी पोटातल्या पिशवीमुळे जरा रेंगाळलो, कांटपाशी ‘शुद्ध बुद्धी’ या शब्दांनी खिळून गेलो, आणि शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा माझ्या हातात जर्मन तत्त्वज्ञान होतं. कांदा तीन पानं पुढे तसाच.

शोधताना माणसाचं असं का होतं यावर अमेरिकेतल्या कॅरल कुल्थाऊ यांनी रीतसर संशोधन केलेलं आहे. त्या आधी शाळेतच ग्रंथपाल होत्या आणि मोठ्या वर्गातली मुलं प्रकल्पासाठी माहिती शोधताना त्यांना काय काय वाटतं हे त्यांनी निरखून पाहिलं. त्यांनी शोधाचे सहा टप्पे सांगितले. पहिल्यात मन जरा धास्तावलेलं असतं, दुसऱ्यात विषय ठरला की उत्साह येतो, तिसऱ्यात माणूस इकडचं तिकडचं वाचू लागतो आणि तिथेच त्याचा गोंधळ वाढतो, धीर सुटतो, सगळं सोडून द्यावंसं वाटतं; चौथ्यात नेमका प्रश्न सापडला की पुढची गाडी रुळावर येते. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझं अख्खं आयुष्य तिसऱ्या टप्प्यात चाललं आहे, हे निदान शास्त्रीय भाषेत तरी कळलं.

अशातच एका प्रशिक्षणाला जाणं झालं. दुपारच्या जेवणात श्रीखंड होतं, त्यामुळे जेवणानंतरच्या सत्रातलं मला तुटकतुटक आठवतं. पण संकल्पना-नकाशा नावाचा प्रकार तिथे दाखवला आणि त्याने मी झोपेतूनही भारावून गेलो. घरी येऊन वाचलं. हे प्रकरण निघालं कॉर्नेल विद्यापीठात, १९७२ साली. जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञान कसं उमगत जातं ते पाहत होते. ढीगभर मुलाखती घेतल्या, पण एखाद्या पोराच्या समजुतीत नेमका कुठे फरक पडला हे काही हाताला लागेना. तेव्हा त्यांनी पोराच्या डोक्यातल्या कल्पना चौकटींत लिहिल्या आणि एकमेकींना जोडून पाहिल्या. मागे पाया होता डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा: माणूस नवी गोष्ट शिकतो ती आधी माहीत असलेल्या गोष्टीत गुंतवून, म्हणून मास्तराने आधी विद्यार्थ्याला काय येतं ते बघावं. हे मला इतकं पटलं, की मी लगेच मला काय येतं ते काढायला बसलो.

मोठा कागद हवा होता. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागून कोरं असतं, तेव्हा मी ते फाडलं, जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि मुलीच्या स्केचपेनांनी मधोमध मोठा कांदा काढून चारी बाजूंना रेघा सोडल्या: पाऊस, शेतकरी, भाव, भाजी, डोळ्यांत पाणी. दिसायला ते सुरेख होतं. महिना अजून संपायचा होता आणि पानाच्या पुढच्या बाजूला हिने दुधाचे खाडे मांडलेले होते, हे दूधवाला बिल घेऊन आला तेव्हा लक्षात आलं. त्याने सांगितले तेवढे पैसे दिले. त्या महिन्यात आम्ही हिच्या माहेरी गेलो होतो ते दिवसही दूध प्यायलो.

दुसऱ्या दिवशी तोच नकाशा फळ्यावर उतरवला आणि ऐटीत बाजूला उभा राहिलो. शेवटच्या बाकावरच्या ओंकारने हात वर केला. ओंकारचा हात वर्षातून क्वचित वर होतो, तोही बाहेर जाण्यासाठी, म्हणून मी ‘जा’ म्हटलं. तो जाईना.

“सर, पाऊस आणि कांदा यांच्यात रेघ आहे.”

“आहे ना.”

“पण पाऊस कांद्याचं करतो काय? रेघेवर काहीच लिहिलं नाही. लागवडीनंतरचा पाऊस वेगळा, काढणीच्या वेळचा वेगळा.”

वर्गात शांतता. खरं सांगतो, नोव्हाकचं सगळं म्हणणं या पोराने, नोव्हाकचं नाव न ऐकता, शेवटच्या बाकावरून सांगितलं होतं. मधोमध एक विषय आणि त्याच्या फुटलेल्या फांद्या, हा झाला टोनी बुझान यांचा माइंड मॅप. ब्रिटनमध्ये १९७४ साली त्यांचा दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाला आणि तो घरोघरी पोचला. संकल्पना-नकाशात सगळ्यात वर एक नेमका प्रश्न लागतो, व्यापक कल्पना वर आणि बारीक खाली येतात, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक रेघेवर जोडणारे शब्द लागतात, म्हणजे चौकट-रेघ-चौकट असं वाचलं की अख्खं वाक्य तयार व्हावं. माझ्या डोक्यात श्रीखंडाने दोन्हींचं मिश्रण झालेलं होतं. “तेच मी विचारणार होतो,” असं म्हणून मी रेघा पुसल्या. घाईत कांदाही पुसला गेला.

मग ठरलं की नकाशा मुलांनीच करायचा. वरचा नेमका प्रश्नही ओंकारनेच दिला, ‘चाळीतला कांदा का सडतो?’ एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा बांबूच्या नाहीतर लोखंडी सांगाड्याच्या हवेशीर चाळीत भरून ठेवायचा आणि भाव बघत बघत दिवाळीच्या आसपासपर्यंत काढायचा, यावर इथली घरं चालतात. तेव्हा प्रश्न पोटाचा होता. मी चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या आणल्या: पिवळ्यांवर कल्पना, गुलाबीवर जोडशब्द. दुकानदाराने दाखवलेल्या चांगल्या चिठ्ठ्या महाग वाटल्या, म्हणून स्वस्त घेतल्या.

सुरुवात झकास झाली. ‘दमट हवा’, ‘काजळी’ (म्हणजे काळी बुरशी), ‘युरिया’, ‘मुळे’, ‘पासून वाचतो’, भिंत भरत चालली. तेवढ्यात वीज आली. पंख्याची कळ आधीपासून चालूच होती. पुढच्या क्षणी वर्गात चिठ्ठ्यांचं जे काही उठलं, त्यात कुठलं कारण कुठल्या परिणामाला जाऊन चिकटलं सांगता येईना, आणि नेमके त्याच वेळी आमचे मुख्याध्यापक दारातून डोकावले, “काय गोंधळ आहे?” म्हणाले आणि पाठ फिरवून गेले. पाठीवर गुलाबी चिठ्ठी होती. मला दिसली होती, पण हाक मारून काय सांगायचं याचा जोडशब्द सुचेना.

ते तसेच संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन गळकं छत दाखवायला गेले. छत वर, म्हणून मुख्याध्यापक पुढे आणि मान वर. अध्यक्ष मागे, आणि त्यांच्या नाकासमोर माझ्या मोकळ्या वळणदार अक्षरात: ‘च्यामुळे सड वाढते’. नुसत्या जोडशब्दाला अर्थ नसतो, त्याच्या अलीकडे एखादी कल्पना लागते, हे मी सकाळीच समजावून सांगितलं होतं. अलीकडे मुख्याध्यापक होते. नोव्हाकच्या कुठल्याही कसोटीवर ते विधान पूर्ण होतं.

त्यानंतरचा माझा आणि मुख्याध्यापकांचा संवाद मी इथे देत नाही, कारण त्यात जोडशब्द फार कमी होते.

पण मुलं थांबली नव्हती. पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करून त्यांनी चक्क डिंकाने चिकटवल्या (भिंतीचा रंग अजून तसाच निघालेला आहे), आणि जिथे जोडशब्द सुचेना तिथे प्रश्नचिन्ह लावलं. ओंकारने घरी आजोबांना विचारलं. आप्पा म्हणाले, “आरं, पात पडू दिली का? पातीसकट वाळवला का? मान किती ठेवून कापली? युरिया कधी मारला? हे इचार आधी, मंग सडला का ते इचार!” एवढ्या बोलण्यात ओंकारला चार चौकटी मिळाल्या. निम्म्याअर्ध्या माना पडल्या की कांदा काढावा, पातीसकट शेतात वाळवावा, मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापावी म्हणजे तोंड मिटतं आणि बुरशी आत शिरत नाही. नत्र उशिरा आणि जास्त दिलं तर कांदा दिसायला गलेलठ्ठ होतो पण टिकत नाही. मी हे सगळं वहीत उतरवून घेत होतो. नववीत इतक्या भराभर मी कधी लिहिलं नव्हतं.

आणि मग जे झालं त्याचं श्रेय घ्यायला मी मधे घुसलो, पण जागा मिळाली नाही. मुलं संगणकावर बसली ती ‘कांदा माहिती’ टाकायला नाही, तर नकाशातली प्रश्नचिन्हं घेऊन. ‘कांदा साठवण मान कापणे काळी बुरशी’ असं टाकल्यावर भजी आणि केस आपोआप मागे पडले आणि पुण्याजवळच्या राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय वर आलं. तिथे आप्पांचंच बोलणं इंग्रजीत, सेंटिमीटरमध्ये आणि तक्त्यासह होतं. शोधायला आधी शब्द लागतात, आणि शब्द आप्पांकडे होते, माझ्याकडे नव्हते. बेल आयकॉनवाल्या मुलीने तर ‘कापलेला कांदा’ आणि ‘डोळ्यांत पाणी’ यांच्यामध्ये प्रश्नचिन्ह लावून पार जपानपर्यंत मजल मारली. कांदा कापला की पेशी फुटतात, त्यातली रसायनं एकत्र येतात आणि गंधक असलेला एक वायू सुटतो. तो तयार करणारं खास विकर जपानी संशोधकांनी २००२ साली शोधून काढलं आणि २०१३ साली त्यांना त्याबद्दल इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येतं आणि मग विचार करावासा वाटतो अशा संशोधनाला देतात तो पुरस्कार. तिने मला विचारलं, “सर, हे खरंय का कसं बघायचं?” मी म्हटलं, “छापून आलंय ना?” तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी यापूर्वी फक्त घरी पाहिली होती. मग तिने तीच गोष्ट दुसऱ्या दोन ठिकाणी पडताळली.

एक पोरगा मात्र म्हणाला, “सर, एवढं कशाला, मोबाइलला सांगितलं तर नकाशाही तोच काढून देतो.” दिला. सुबक होता, चौकटी एका रांगेत होत्या, प्रत्येक रेघेवर शब्द होते. प्रश्नचिन्ह एकही नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे बघून कोणाला पुढे काही शोधावंसं वाटेना. संगणकावर नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअरही आहे, फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या संस्थेने केलेलं, सीमॅपटूल्स नावाचं. नोव्हाक स्वतः त्या कामात होते. त्यात मी एक चौकट सरकवायला गेलो आणि सगळा नकाशा निवडला जाऊन पडद्याबाहेर गेला. मुलांनी माझ्या हातून माउस काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला.

प्रकल्प छान झाले आणि ओंकारच्या आप्पांनी खूश होऊन घरी कांद्याची अर्धी गोणी पाठवली. गोणी स्वयंपाकघरात नको म्हणून मी ती प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून, वरून घट्ट गाठ मारून, दिवाणाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि वर दोन सतरंज्या टाकल्या. मग पाऊस सुरू झाला. मग वास सुरू झाला.

बायकोच्या मते तो न्हाणीघरातून येत होता, मुलीच्या मते माझ्या डोक्यातून. तेल तर कधीच बंद केलेलं होतं. मी म्हटलं, घाबरू नका, आता आपल्याकडे पद्धत आहे. कॅलेंडरचं पान घेतलं, या वेळी मागच्या वर्षीचं, वर नेमका प्रश्न लिहिला, ‘घरात वास कशाचा येतो?’, आणि खाली उतरत गेलो: गटार, ‘तुंबल्यामुळे सोडतं’, दुर्गंधी, उंदीर, ‘शाळेतून सरांच्या पिशवीतून आला असल्यास’, दुर्गंधी, गॅस, ‘गळत असल्यास’, देवाघरी. आडवे दुवे काढले, प्रश्नचिन्हं लावली, एकेक प्रश्नचिन्ह मोबाइलवर शोधलं. सगळी बोटं सांडपाण्याच्या नळाकडे वळत होती. प्लंबरला बोलावलं.

त्याने बेसिनखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, न्हाणीघराची जाळी उघडली, लावली, आणि मग नळाच्या विरुद्ध दिशेने हवा हुंगत हुंगत थेट बैठकीच्या खोलीत गेला. मी नकाशा घेऊन मागे. त्याने सतरंज्या बाजूला केल्या आणि दिवाणाची फळी उचलली.

“सर,” तो नाकाला रुमाल लावत म्हणाला, “कांदा असा ठेवतात होय?”

त्याचं गाव निफाड तालुक्यातलं. हवा खेळती का लागते, मान मिटली नाही की काय होतं, काजळी कशी पसरते हे सगळं त्याने मला दिवाणाशेजारी उकिडवं बसवून समजावलं, आणि मी “हो, हो, माहितीये” म्हणत राहिलो, कारण खरोखरच माहीत होतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. वरच्या थरातले बरे कांदे निवडून त्याने स्वतःच्या पिशवीत भरले, येण्याजाण्याचे पैसे वेगळे घेतले आणि जाताना तिला म्हणाला, “वहिनी, सर शाळेत काय शिकवतात?”

“माहिती शोधायला,” ती म्हणाली.